दोर नसलेली लिफ्ट

एकोणीस जानेवारीला मास्तरांनी तिकीटवाल्याच्या टेबलावर एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे साठ मोजून ठेवले. एक मोठ्या माणसाचं तिकीट आणि दोन मुलांची, जाण्यायेण्याची. तिकीटवाल्यानं नोटा पुन्हा मोजल्या, रबर लावला आणि पावती पुढे सरकवताना सवयीनं म्हणाला, "स्वस्तातली तिकिटं आहेत, मास्तर. तारीख बदलणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत. मुलं प्रवासात त्रास देत नाहीत ना?"

"मुलगी नाही देत," मास्तर म्हणाले.

तिकीटवाला हसला. त्याला वाटलं, गंमत केली.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते लिफ्ट दुरुस्त करत. एकाच कंपनीत उभी हयात गेलेली. आसपास कुणाची लिफ्ट अडकली की लोक कंपनीला फोन करायच्या आधी यांना हाक मारत, आणि तेव्हापासून ते मास्तर. माणूस ताकही फुंकून पिणारा. जिन्याचा कठडासुद्धा हलवून बघितल्याशिवाय त्यावर हात टेकणार नाही. पण एकदा हो म्हणाले की ती दगडावरची रेघ. बायको म्हणायची, यांच्याकडून हो काढणं म्हणजे गंजलेला बोल्ट काढणं. पण एकदा निघाला की निघाला.

ती बायको परदेशात एका इस्पितळात नर्स होती. जाऊन अडीच वर्षं होत आली होती. तिची कागदपत्रं नव्या मुदतीसाठी गेलेली. ती हातात पडेपर्यंत तिनं तो देश सोडला तर पुन्हा आत घेतील याचा भरवसा नव्हता. म्हणून तिनंच तोडगा काढला : एप्रिलमध्ये मला अडीच आठवडे रजा आहे, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतील, तुम्ही तिघं इकडे या. हे हुकलं तर पुढची रजा दीड वर्षानं. ती गेली तेव्हा धाकटा तीन वर्षांचा होता, आता साडेपाचचा झाला होता. त्याला आई म्हणजे फोनमधली एक बाई. हसरी, खूप प्रश्न विचारणारी आणि कधी कधी बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजणारी.

धाकट्याला घरात बटण म्हणत. कडेवर असल्यापासून लिफ्टमधलं प्रत्येक बटण त्यानंच दाबायचं, नाहीतर मजला डोक्यावर घ्यायचा. पण आई गेली त्याच वर्षी एका दुपारी तो आत्याबरोबर त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधे अडकला. वीज गेली, आत काळोख. आत्यानं दारावर बुक्क्या मारल्या, नरडं बसेपर्यंत ओरडली. पोरगं मात्र एक शब्द बोललं नाही. मास्तर तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला परक्याची लिफ्ट उघडत होते. ते धापा टाकत पोचले तोवर दार उघडून झालं होतं आणि बटण जिन्याच्या पायरीवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून.

तेव्हापासून लिफ्ट बंद. नुसती लिफ्टच नाही, कुठलंही दार लागलं की याचा चेहरा पांढरा. घरातलं न्हाणीघराचं दारसुद्धा लोटून ठेवायचं. मग असा नियम झाला की अंघोळ करणाऱ्यानं गाणं म्हणायचं, म्हणजे बाकीच्यांनी तिकडे फिरकायचं नाही. मास्तरांना एकच गाणं येत असे, तेही अर्धं. शेजारी म्हणायचे, "दिव्याखाली अंधार! लिफ्टवाल्याचं पोर आणि चार मजले चढून येतं." मास्तर नुसते हसायचे आणि पोराबरोबर जिना चढायचे.

अशा पोराला घेऊन विमानात बसायचं होतं. विमानाचं दार एकदा लागलं की दुसऱ्या देशातच उघडतं.

घर आत्याच्या हातात होतं. मास्तर तिला अक्का म्हणत. ती पाळणाघर चालवायची, खालच्याच मजल्यावर. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं सांभाळलेली बाई. तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि बहुतेक वेळा तेच उत्तर असायचं.

"काखेत मारायचं आणि आत शिरायचं," ती म्हणाली. "रडेल रडेल आणि झोपेल. पहिल्या दिवशी माझ्याकडे येणारं एकूणएक पोर रडतं. संध्याकाळी त्याला घरी जायचं नसतं."

"तुझ्याकडचं दार उघडं असतं, अक्का," मास्तर म्हणाले.

मास्तरांचं उत्तर वेगळं होतं आणि ते त्यांच्या कामातून आलं होतं. लिफ्टच्या कामाला दोघं लागतात. एक जण केबिनच्या टपावर उभा असतो, दुसरा खाली बटणांपाशी. खालचा लिफ्ट हलवतो, वरचा काम करतो. त्यात एक कायदा आहे आणि तो कुठल्या भिंतीवर लिहिलेला नाही : वरचा "थांब" म्हणाला की थांबायचं. का, ते नंतर विचारायचं. वरच्याचा हात कुठे आहे, पाय कुठे आहे, हे खालच्याला दिसत नाही. त्यानं "का रे?" एवढं विचारलं तरी तेवढ्यात बोट जातं. मास्तर आणि त्यांचा जोडीदार, दोघांची दहा-दहा बोटं शाबूत होती. कंपनीत असं सगळ्यांना म्हणता येत नव्हतं.

हाच कायदा त्यांनी पोराला दिला. "आपण दोघं काम करतोय. तू वर आहेस, मी खाली. तू थांब म्हणालास की मी थांबणार. विचारणारसुद्धा नाही."

"खोटं," बटण म्हणाला.

"बघ करून."

आधी ते त्याला लिफ्टमध्ये नेलेच नाहीत. एका रविवारी जिन्यानं पार वर घेऊन गेले, गच्चीलगतच्या मशीनरूममध्ये. त्या लिफ्टचं काम दुसऱ्या कंपनीकडे होतं, पण तिथल्या मेकॅनिकशी मास्तरांची ओळख होती, त्यानं किल्ली दिली. मास्तरांनी मुख्य स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली बटणाच्या खिशात टाकली. "आता तुझ्याशिवाय ही कुणाला हलवता येणार नाही." मग दोर दाखवले. कामावर त्यांना रोप म्हणतात, घरी दोर. बोटाएवढे जाड पोलादी दोर, चार, ग्रीस लागून काळे झालेले. "यातला एकच दोर सगळी लिफ्ट धरू शकतो. तरी चार लावलेत. एक तुटला तर तीन. दोन तुटले तर दोन."

"चारही तुटले तर?"

"तर लिफ्टच्या पोटाखाली दोन जबडे आहेत. ते रुळाला चावतात. लिफ्ट जागच्या जागी लटकून राहते."

बटणानं दोराला हात लावला, काळं बोट नाकाजवळ नेलं, हुंगलं. "तुझ्या शर्टाचा वास," तो म्हणाला. त्या दिवशी एवढंच.

पुढचे रविवार लिफ्टच्या दारात गेले. मास्तर दारात पाय घालून उभे, पोरगं आत एक पाऊल, बाहेर एक पाऊल. थांब. थांबले. मग दोन्ही पावलं आत. थांब. थांबले. वरच्या मजल्यावरचे काका पिशव्या घेऊन उभे, "मास्तर, लिफ्ट आहे की शाळा?" मास्तर म्हणाले, "शाळाच. आज जिन्यानं जा, तब्येतीला बरं." काका कुरकुरत गेले. एकदा बटणानं निव्वळ परीक्षा घ्यायची म्हणून सतरा वेळा थांब म्हटलं. मास्तर सतरा वेळा थांबले. अठराव्यांदा पोराला बापाची दया आली.

इकडे घरात बाकीची तयारी चालू होतीच. व्हिसाचा फोटो काढायला स्टुडिओवाल्यानं खुर्ची दारात आणून ठेवली, कारण आतल्या खोलीत बटण बसेना. मागे पांढरा पडदा धरून अक्का उभी. फोटोत तिचा अंगठा आला म्हणून पुन्हा काढावा लागला. नऊ वर्षांची ताई जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लावून विमान करायची आणि गळ्याला ओढणी गुंडाळून "पट्टे बांधा, पाय आत घ्या" म्हणत फिरायची. अक्का बॅगेत एवढे खाऊचे डबे कोंबायची की मास्तरांनी कंपनीतला स्प्रिंगचा काटा आणून बॅग छताच्या हुकाला टांगली. अक्का म्हणाली, "पोरांच्या तोंडचा घास तोलतोस?" मास्तर म्हणाले, "मी नाही तोलत, विमानवाले तोलतात." मग दोन डबे निघाले. रात्रीत तीन परत आत गेले.

आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी बटण दार बंद करून, बापाचा हात धरून, तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर गेला. दार उघडलं तेव्हा समोर ताई आणि अक्का उभ्या होत्या, आणि वरचे काकासुद्धा. काकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं म्हणालं, "अजून एक मजला."

त्या दिवशी ते चौथ्या मजल्यापर्यंत पोचले. "गंगेत घोडं न्हालं एकदाचं," अक्का म्हणाली आणि डोळे पुसायला आत गेली. मास्तरांनी लगेच बायकोला फोन लावला. तिकडून ती रडली, इकडून ताई रडली. बटण वैतागून म्हणाला, "लिफ्टमध्ये मी बसलो, आणि रडताय तुम्ही."

सगळं जमून आलं होतं. संध्याकाळी जेवायला बसले असताना बटणानं घास चावता चावता विचारलं,

"बाबा, विमानाला किती दोर असतात?"

मास्तरांचा हात ताटातच राहिला.

"पाच!" ताई चटकन म्हणाली. नऊ वर्षांची असली तरी तिला संकट कळलं होतं.

"एकही नसतो," मास्तर म्हणाले.

"अरे, पाच म्हणाली ना पोरगी!" अक्कानं डाव आपटला. "पाचच राहू देत! तुझ्या बापाचं काय जातं?"

"एकही नसतो," मास्तर पुन्हा म्हणाले. पण या खेपेला आवाज खाली गेला होता, कारण आपलं काय चुकलं ते त्यांना त्याच क्षणी दिसलं. दुसऱ्या कुठल्या बापाच्या हातून ही चूक झाली नसती. दुसरा बाप म्हणाला असता, घाबरू नको, काही होत नाही. मास्तरांनी पोराला भरवसा दिला तो दोरांवरचा. महिनाभर खपून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसवली : वर टांगलेली वस्तू दोरामुळे पडत नाही. आणि आता त्याला दोर नसलेल्या लिफ्टमध्ये बसवायचं होतं.

"मग ते कशाला लटकतं?" बटणानं विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेतून आलं ते जिन्यानं.

मास्तरांनी खरंच विचारलं. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते, आणि आपण न उघडून पाहिलेल्या यंत्रात बसायला त्यांचंही मन घेत नव्हतं, हे फक्त जोडीदाराला माहीत होतं. जोडीदाराला असल्या गोष्टींचा नाद होता. तो म्हणाला, "सांगून कळायचं नाही, मास्तर. पोराला गाडीत घालून आणा."

कंपनीची गाडी घेऊन ते शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेले. जोडीदार चालवत होता, मास्तर मागे बटणाला मांडीवर घेऊन, कंबरेला घट्ट धरून. खिडकीची काच खाली. "तळहात बाहेर काढ. सपाट धर. आता पुढची कड जरा वर कर."

पोराचा हात वर उचलला गेला. त्यानं खाली दाबला, पुन्हा वर. त्यानं दोन्ही डोळे विस्फारले. "कोण ढकलतंय?"

"वारा. आपण जोरात चाललोय म्हणून. विमानाला असे दोन मोठे हात असतात."

जोडीदारानं गाडी हळू केली तसा हात पडत गेला. बटणाच्या ते लगेच लक्षात आलं.

"आणि विमान हळू झालं तर?"

"तर खाली येतं. उतरायचं असतं तेव्हा तसंच उतरवतात."

"आणि मधेच थांबलं तर?"

आरशातून जोडीदार डोळ्यांनी सांगत होता, मास्तर, आता गप्प बसा. मास्तर म्हणाले, "मधे थांबून चालत नाही. थांबलं तर पडेल. म्हणून ते थांबू नये यासाठी माणसं असतात, माझ्यासारखी. उडण्याआधी तपासतात."

"तू तपासलंयस?"

"नाही. ती दुसरी माणसं."

बटणानं हात आत घेतला. "मी नाही येणार," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याला समजावलं नाही, की चॉकलेटाचं आमिष दाखवलं नाही. परत येताना एवढंच म्हणाले, "आपण विमानाच्या दारापर्यंत जाऊ. दाराशी तू थांब म्हणालास तर थांबू आणि घरी येऊ. मी ओढणार नाही."

"खरं?"

"खरं."

हे ऐकून अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती थांबेचना. पण खरं भांडण झालं ते फोनवर. बायको कामावरून नुकती सुटली होती, अंगात अजून इस्पितळाचा झगा.

"अहो, साडेपाच वर्षांच्या पोराच्या हातात दिलंत तुम्ही हे? तो नाही म्हणाला तर परत नेणार?"

"मी कबूल केलंय त्याला."

"आणि मी? मी इथे खोली घेतलीय तुमच्यासाठी. जास्तीच्या पाळ्या करून करून पाठीचा काटा ढिला झालाय माझा. त्यानं मला हात लावलेला नाही अडीच वर्षांत! त्याला कडेवर घ्यायचं वयसुद्धा संपत आलं. तुम्ही त्याला उचला आणि आणा. रडू दे. माझ्याकडे आल्यावर मी बघते."

मास्तर म्हणाले, "उचलून आणलं तर तुझ्याकडे पोचेल गं. पण नंतर मी सांगितलेलं कुठलंही दार त्याला उघडं वाटणार नाही."

ती पडद्यावर हलेना. थिजली की काय, असं त्यांना वाटलं. थिजली नव्हती. "तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मास्तर रागावले नाहीत. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही बॅगांची कुलपं तपासली, पासपोर्ट छातीच्या खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.

निघायच्या दिवशी अक्कानं बटणाला खाली वाकून पापी दिली आणि मास्तरांच्या कानाशी म्हणाली, "तू गाढव आहेस. पण पोराला घेऊन सुखरूप जा." जोडीदारानं गाडीतून सोडलं. विमानतळावर सामान पट्ट्यावरून आत गेलं, शिक्के बसले, तपासणी झाली. बटण शहाण्यासारखा चालला. बूट काढून टोपलीत ठेवायचे झाले तेव्हा त्यानं मोजेही काढले. शेवटी विमानाच्या दाराशी नेणारी ती लांबलचक बंद वाट आली, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की पोरगं ताईच्या दप्तराचा पट्टा धरून चाललंय आणि पट्टा ताणला जातोय.

दाराच्या चौकटीपाशी तो उभा राहिला. आत गुंजारव, थंड हवा, रांगेनं खुर्च्या. दाराची जाडी त्यानं पाहिली. आजवर पाहिलेल्या कुठल्याही दारापेक्षा ते जाड होतं.

"थांब," तो म्हणाला.

मास्तर थांबले. मागची रांग थांबली. मागे जाड कोट घातलेली एक बाई होती, दोन्ही हातांत पिशव्या. ती म्हणाली, "अहो, उचला ना त्याला! एवढ्याशा पोराचं काय ऐकता?"

दारातली तरणी कर्मचारी हसून वाकली. "ये ना बाळा, खिडकीची जागा देते."

"नाही," बटण म्हणाला.

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. "चल ताई."

ताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा फुटला. "बाबा, नको ना! उचल त्याला! आई उभी असेल तिथे!"

"मी त्याला शब्द दिलाय, ताई."

"आईला पण दिला होतास!"

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला. त्यांनी कर्मचारी मुलीला विचारलं, "बाहेर जायला कुठून?"

"साहेब, तुमचं सामान विमानात चढलंय. ते उतरवायला लागेल. पैसे परत मिळणार नाहीत..."

"माहीत आहे. उतरवा."

आणि ते निघाले. येणारी रांग भिंतीला सरकली, तिच्या कडेनं हे तिघं उलटे. अडीच वर्षं, ते सगळे पैसे, बायकोच्या जास्तीच्या पाळ्या, खोली, सगळं एकेका पावलाला मागे पडत होतं आणि ते चालत होते. ताई मुसमुसत मागून येत होती. वाटेचं वळण आलं तसा बटण जागच्या जागी उभा राहिला.

"खरंच परत चाललो?"

"हो."

"आईला काय सांगणार?"

"हेच सांगणार. आलो होतो, परत गेलो."

"तिला राग येईल."

"येईल. माझ्यावर येईल, तुझ्यावर नाही."

बटण खालच्या गालिच्यावर बसला. मास्तरही त्याच्या शेजारी बसले, उकिडवे, लिफ्टच्या खड्ड्याशी बसतात तसे. उरलेले प्रवासी त्यांच्याकडे बघत दाराकडे जात होते. थोड्या वेळानं पोरानं विचारलं, "बाबा, आत गेल्यावर थांब म्हटलं तर?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं की काम फत्ते.

"आत गेल्यावर नाही थांबत," मास्तर म्हणाले. "दार लागलं की पोचेपर्यंत नाही. तू थांब म्हणालास तरी मला काही करता येणार नाही. मी फक्त शेजारी असेन."

"म्हणजे काय ते आत्ताच ठरवायचं."

"आत्ताच."

"तुला भीती वाटते?"

"वाटते."

"किती?"

मास्तरांनी हात पुढे केला. "बघ." बटणानं तो दोन्ही हातांत धरून पाहिला, मघाशी दार पाहिलं होतं तसा, बारकाईनं. मग तो उठला, पँट झटकली आणि आलेल्या वाटेनं पुन्हा दाराकडे निघाला. मास्तर उठेपर्यंत तो चौकटीशी पोचलासुद्धा. तिथल्या कर्मचारी मुलीला त्यानं मान वर करून बजावलं, "मी येतोय. मला कुणी ओढलेलं नाही." आणि उंबरा ओलांडला.

रांग संपलीच होती. कर्मचारी मुलीनं फोन करून सामान उतरवणं थांबवलं. जाड कोटाची बाई आपल्या जागेवर बसायची सोडून वाटेतच उभी होती. आपल्या पिशव्या बाजूला घेऊन तिनं तिघांना वाट दिली.

दार लागलं तेव्हा बटणानं मास्तरांच्या मनगटात नखं रोवली. विमान उठलं तेव्हा ती आणखी रुतली. मग हळूहळू पोराची मूठ सैल पडली, तो झोपला, आणि ताईनं राग विसरून त्याच्या अंगावर स्वतःचा स्वेटर टाकला. मास्तर सबंध प्रवासात झोपले नाहीत. यंत्राचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत राहिले, आणि उतरताना म्हणाले, "माणसं चोख दिसतात यांची."

पलीकडे बायको लोखंडी कठड्याला पोट टेकवून उभी होती. ताई धावत सुटली. बटण चालत गेला, आईसमोर उभा राहिला आणि सगळ्यात आधी म्हणाला, "मी नाही म्हणालो होतो. आम्ही परत निघालो होतो. मग मी आलो."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "परत निघाला होतात?"

"हो."

"खरंच निघाला होतात?"

"सामान उतरवा म्हणून सांगितलं होतं."

तिनं हातातली पर्स त्यांच्या दंडावर हाणली, चांगली दोनदा. मग खाली बसली. तिनं हात पसरले नाहीत, मांडीवर ठेवून नुसती वाट पाहिली. बटण तिच्या खांद्यावर डोकं टेकवून उभा राहिला, बराच वेळ. तिथून हलायचं तो नाव काढीना. ताईनं शेवटी विचारलं, "आता आपण इथेच राहायचं का?"

बाहेर येण्याआधीची एक गोष्ट राहिली. त्या विमानतळावर सामानाची गाडी साखळीनं बांधलेली असते, नाणं घातलं तरच सुटते. मास्तरांकडे तिथल्या फक्त नोटा होत्या. जाड कोटाच्या बाईनं आपल्या पाकिटातलं एक नाणं काढून खाचेत घातलं. "परत कसं देऊ?" त्यांनी विचारलं. "भेटलात की द्या," ती म्हणाली आणि गेली. तिचं नाव मास्तरांना माहीत नाही. ते नाणं अजून द्यायचं आहे.